वाचनाचा वेग, मनातला आवाज आणि ऐकलेले पुस्तक



अभ्यासक्रमाची पुस्तके हाती पडली की पुष्कळांना पहिली धास्ती वाटते ती पानांच्या संख्येची. डोलवीच्या पोलाद कारखान्यात पाळीने काम करणारा, पेणला गणपतीच्या मूर्ती रंगवणारी किंवा रोह्याहून रोज गाडीने ये-जा करणारा विद्यार्थी पुस्तकासाठी दिवसाकाठी अर्धा तास काढू शकला तरी खूप झाले. अशा वेळी तीन शंका मनात येतात. माझा वाचनाचा वेग कमी आहे, तो वाढेल का? वाचताना प्रत्येक शब्द मनातल्या मनात उच्चारला जातो, ही सवय मोडायला हवी का? आणि पुस्तक वाचण्याऐवजी ध्वनिमुद्रित रूपात ऐकले, तर अभ्यास झाला असे म्हणता येईल का?

या शंका वेगवेगळ्या दिसतात; पण त्यांचे मूळ एकच आहे. छापलेले अक्षर आणि उच्चारलेला शब्द यांचे नाते काय, हा तो मूळ प्रश्न. साहित्याच्या विद्यार्थ्याला तो टाळता येत नाही. शिवाय 'आपण मंद वाचक आहोत' असे स्वतःच ठरवून कोणी अभ्यास सोडण्याच्या बेतात असेल, तर त्याने तसे करण्यापूर्वी या प्रश्नाचा विचार करणे आवश्यक आहे.

मनातला आवाज

आपल्याकडे जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. इतरांना ऐकू येईल असा तो वाचिक, ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही तो उपांशु, आणि केवळ मनाने केलेला तो मानस. वाचनाचेही असेच तीन प्रकार मानता येतात. मोठ्याने वाचणे हे वाचिक. ओठ किंवा जीभ किंचित हलवत वाचणे हे उपांशु. आणि एरवी ज्याला आपण मूकवाचन म्हणतो ते मानस. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मानस जपातही शब्द असतोच, फक्त त्याला ध्वनी नसतो. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त वाणीच्या पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा तीन अवस्था सांगितल्या. त्यांतली मध्यमा म्हणजे मनात क्रमाने उमटणारी, पण कानाला न ऐकू येणारी वाणी. आधुनिक मानसशास्त्र ज्याला अंतर्गत वाणी म्हणते, तिच्या जवळ जाणारा शब्द आपल्या परंपरेत पूर्वीपासून होता.

ही वाणी खरोखर असते का, हे तुम्हीच तपासून पाहा. पुढील वाक्य ओठ न हलवता वाचा : 'तात्यांनी ताटातला टाकळा टाळता टाळता ताकाचा तांब्या टाकला.' जीभ हललीही नाही, तरी वाचन अडखळले. केवळ डोळाच वाचत असता, तर त आणि ट यांच्या गर्दीने त्याला काहीच फरक पडायला नको होता. जिभेला अवघड जाणारी वाक्ये मूकवाचनातही वाचकाला मंद करतात, हे १९८२ साली मॅककचन आणि परफेटी या अमेरिकी संशोधकांनी प्रयोगाने दाखवले आहे.

मराठीत याहून सोपा पुरावा मिळतो. 'ती जरा थांबली' आणि 'जरा आणि मरण' या दोन ठिकाणी 'जरा' हा शब्द एकाच तऱ्हेने लिहिला जातो. पण पहिला ज आपण दंततालव्य उच्चारतो आणि दुसरा तालव्य. 'तो जात आहे' आणि 'त्याची जात' यांतही तोच भेद आहे. लिपी हा भेद दाखवत नाही. तरीही मनातल्या मनात वाचताना तो तुम्हाला जाणवतो. कागदावर नसलेला उच्चार मनातल्या वाणीने पुरवलेला असतो.

या वाणीला स्वतःची बोलीही असते. रूथ फिलिक आणि एमा बार्बर यांनी २०११ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील वाचकांना यमकबद्ध पंचपद्या मनात वाचायला दिल्या. ज्याच्या स्वतःच्या उच्चारात यमक जुळत नव्हते, त्याची नजर नेमकी त्या शब्दाशी घुटमळली. पेण, उरण, अलिबाग भागातील आगरी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला हे कळायला प्रयोगाची गरज नाही. घरात 'पानी' म्हणणाऱ्याच्या मनातला आवाज 'पाणी' हे अक्षर पाहून नेहमीच प्रमाणभाषेत बोलेल असे नाही. यात कमीपणा काहीच नाही. मात्र लेखनाच्या संदर्भात याचा एक परिणाम होतो, त्याकडे आपण पुढे येऊ.

हा आवाज बंद करावा काय?

शीघ्रवाचनाचे वर्ग घेणारे पुष्कळदा सांगतात की मनातला आवाज हा वेगाचा शत्रू आहे. तो बंद करा, म्हणजे मिनिटाला हजार शब्द वाचाल. अमेरिकेत एव्हलिन वुड यांनी १९५९ पासून असे वर्ग लोकप्रिय केले आणि हा सल्ला जगभर पसरला. तो अर्धवट खरा आहे, म्हणून अधिक फसवा आहे.

खरे एवढेच की उपांशु वाचनाला मर्यादा असते. ओठ व जीभ हलत असतील, तर बोलण्याच्या वेगापेक्षा फार पुढे जाता येत नाही. पण मानस वाणीला ही अडचण नाही. बेल्जियमचे मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांतील आकडे एकत्र करून इंग्रजी प्रौढ वाचकांची सरासरी काढली. मोठ्याने वाचताना ती मिनिटाला सुमारे १८३ शब्द, मनात माहितीपर मजकूर वाचताना २३८ आणि कथात्म मजकूर वाचताना २६० शब्द अशी आली. म्हणजे मनातला आवाज तोंडच्या आवाजापेक्षा वेगाने धावतो. तो शब्द पूर्ण उच्चारत बसत नाही.

आणि तो दाबून टाकला तर? १९७० साली हार्डिक आणि पेट्रिनोविच यांनी वाचकांच्या स्वरयंत्राजवळ संवेदक लावले. स्नायूंची हालचाल होताच सूचक ध्वनी वाजे, त्यामुळे वाचक ती हालचाल थांबवायला शिकत. सोप्या मजकुराचे आकलन फारसे बिघडले नाही. अवघड मजकुराचे मात्र घटले. बी. ए.च्या अभ्यासक्रमात सोपा मजकूर किती आणि अवघड किती, हे तुम्हीच ठरवा. माझे मत विचाराल तर साहित्याच्या विद्यार्थ्याने मनातला आवाज बंद करण्याचा प्रयत्न करूच नये. ओवीची लय, संवादातला उपरोध, वाक्याचा तोल हे सारे त्या आवाजातच कळते. वृत्तपत्रातील बातमी नुसत्या डोळ्यांनी चाळली तरी चालते; अभंग तसा चाळला तर हाती फक्त आशय लागतो आणि कविता निसटते.

वेगाचे गणित

वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत नाही. ती उड्या मारत जाते. प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकते आणि तेवढ्यात काही मोजकीच अक्षरे स्पष्ट दिसतात. शिवाय अधूनमधून ती मागेही जाते. मागे जाणे ही वाईट खोड समजली जाते. पण मागे जाण्याची सोय काढून घेतली की आकलन बिघडते, असे कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. याच गटाने २०१६ मध्ये शीघ्रवाचनावरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता : वेग एका मर्यादेपलीकडे वाढवला की आकलन कमी होते, आणि वेग खऱ्या अर्थाने वाढतो तो भाषेवरील प्रभुत्व वाढल्याने. नजरेच्या कवायतींनी तो तसा वाढत नाही. ज्या विषयातले शब्द ओळखीचे, त्या विषयाचे वाचन आपोआप जलद होते. भट्टीवर काम करणारा विद्यार्थी यंत्राची माहितीपुस्तिका जितक्या सहज वाचतो, तितक्या सहज रससिद्धान्त वाचत नाही, याचे कारण इतकेच आहे.

वर दिलेले इंग्रजी आकडे स्वतःला लावून खिन्न होऊ नका. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा मराठीत एक शब्द आहे. इंग्रजीत तेवढाच आशय सांगायला सात-आठ शब्द लागतील. मराठी वाचकाचे 'मिनिटाला शब्द' कमी भरले म्हणून तो मंद ठरत नाही.

आता आपल्या वेळेचा हिशेब करू. समजा, पुस्तक २०० पानांचे आहे आणि पानावर २५० शब्द आहेत. म्हणजे एकूण ५०,००० शब्द. मिनिटाला १२५ शब्द वाचणाऱ्याला ४०० मिनिटे लागतील. रोज २५ मिनिटे दिली तर १६ दिवस. दुप्पट वेगाच्या वाचकाला ८ दिवस. सत्राच्या कालावधीत आठ दिवसांच्या फरकाने कोणी नापास होत नाही. मात्र रात्रपाळीच्या आठवड्यात पुस्तक मिटून ठेवले आणि ते तसेच महिनाभर राहिले, की मागचे विसरते, पुन्हा आरंभ करावा लागतो, आणि तिसऱ्या आरंभाच्या वेळी उमेद संपते.

आपल्या परंपरेने वेगाचा प्रश्न फार शहाणपणाने सोडवला होता. 'ज्ञानेश्वरी'त सुमारे ९,००० ओव्या आहेत. सात दिवसांच्या पारायणात दिवसाला तेराशेच्या आसपास ओव्या वाचाव्या लागतात. तीच 'ज्ञानेश्वरी' प्रवचनाला घेतली की एका ओवीवर तास जातो. पारायण आणि प्रवचन यांपैकी खरे वाचन कोणते, असा वाद कोणी घातला नाही. तुम्हीही कादंबरीचे आधी पारायण करा आणि नंतर निवडक प्रकरणांचे 'प्रवचन'.

ऐकलेले पुस्तक

आता तिसरी शंका. पुस्तक ऐकणे ही मोबाइलने आणलेली नवी पळवाट आहे, अशी समजूत आढळते. मराठी वाङ्मयाचा इतिहास पाहता ती टिकत नाही. 'ज्ञानेश्वरी' श्रोत्यांपुढे उलगडत जाते. 'दासबोधा'चा आरंभच श्रोत्यांच्या प्रश्नाने होतो. तुमच्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातील शिवथरघळीत समर्थांनी 'दासबोध' सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथात श्रवणावर स्वतंत्र समास आहेत आणि अक्षर कसे काढावे हे सांगणारा 'लेखनक्रियानिरूपण' हा समासही आहे. कान आणि हात, दोघांचीही शिस्त एकाच ग्रंथात सांगितलेली आहे.

अधिक जवळचे आणि अधिक बोलके उदाहरण पेण तालुक्यातले आहे. डोलवीपासून फार दूर नसलेल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. त्यांच्या आई रुक्मिणीबाई यांनी गीतेवरील प्रवचने ऐकली होती. पण संस्कृत श्लोक कळत नव्हते, आणि मराठीतील जे भाषांतर हाती आले तेही अवघड वाटले. मग तूच का करत नाहीस, असे त्यांनी मुलाला म्हटले, ही आठवण विनोबांनी सांगितली आहे. आई १९१८ मध्ये गेली. 'गीताई' लिहून झाली ती १९३०-३१ मध्ये. तिची भाषा व तिचा छंद पाहिला तर हे श्लोक डोळ्यांपेक्षा कानासाठी आणि कंठासाठी घडवले आहेत, हे ध्यानात येते.

त्यानंतर १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनी अठरा प्रवचने दिली. श्रोते होते सहबंदी, आणि त्यांच्यात बसून साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढे त्याच लिखाणाचे 'गीता-प्रवचने' हे पुस्तक झाले आणि भारतातील अनेक भाषांत गेले. हे पुस्तक आधी ऐकले गेले आणि मग वाचले गेले. त्या रविवारी समोर बसलेल्यांनी ते 'खरे' वाचले नाही, असे कोण म्हणेल?

या उदाहरणातून एक सूक्ष्म गोष्ट शिकता येते. बोलणाऱ्याला ठाऊक असते की श्रोत्याला पान उलटून मागे जाता येत नाही. म्हणून तो मुद्दा पुन्हा सांगतो, दृष्टान्त देतो, छोटी वाक्ये योजतो, मधूनच प्रश्न विचारतो. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ही पुनरावृत्ती कधी पाल्हाळ वाटते. उलट समीक्षालेख लिहिणारा गृहीत धरतो की वाचक तीन ओळी मागे जाईल, तळटीप पाहील, पेन्सिलीने खूण करील. असा लेख नुसता ऐकला तर दुसऱ्या मिनिटाला धागा सुटतो. म्हणून 'ऐकावे की वाचावे' याचा निर्णय करण्यापूर्वी विचारायचे ते हे : ही संहिता कोणत्या इंद्रियासाठी घडली आहे?

संशोधनाचे निष्कर्षही याच्याशी जुळतात. २०१६ मध्ये बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी एका कथनात्म चरित्रपर पुस्तकाचा काही भाग काही जणांना वाचायला, काहींना ऐकायला आणि काहींना दोन्ही एकाच वेळी करायला दिला. आकलनात लक्षणीय फरक पडला नाही. दोन आठवड्यांनंतरही नाही. याउलट २०१० च्या एका अभ्यासात पाठ्यविषयावरील लेख वाचणारे विद्यार्थी, तोच ऐकणाऱ्यांपेक्षा चाचणीत सरस ठरले. व्हर्जिनिया क्लिंटन-लिसेल यांनी २०२२ मध्ये अशा ४६ अभ्यासांचा एकत्र विचार केला तेव्हा एकूण फरक नगण्य निघाला. पण वाचकाला स्वतःच्या गतीने वाचण्याची मुभा असेल किंवा मजकुरातून अनुमान काढायचे असेल, तेथे वाचन पुढे होते. गोष्ट कानाला पुरते. युक्तिवादाला कागद लागतो.

मग ऐकायचे काय? मराठीत भरपूर आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी एकत्र कथाकथनाचे कार्यक्रम करून ग्रामीण कथा श्रोत्यांपर्यंत नेली. पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती घरोघर वाजल्या. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती आधी ऐकावीत आणि मगच छापील पाहावीत. २०१७ पासून स्टोरीटेलसारख्या सेवांमुळे मराठी कादंबऱ्या व चरित्रेही मोबाइलवर ऐकता येऊ लागली. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी तर बोलती पुस्तके हाच ग्रंथालयाचा मुख्य दरवाजा आहे, आणि त्यांच्यापुढे 'ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे' असा युक्तिवाद करणे निर्दयपणाचे होईल.

श्रमिकांनी ऐकत शिकण्याची परंपराही जुनी आहे. क्यूबातील हवाना येथे १८६५ पासून सिगारच्या कारखान्यांत कामगार स्वतःच्या पैशांतून वाचक नेमत. हात तंबाखूची पाने वळत आणि वाचक वृत्तपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचत असे. पोलाद कारखान्यात मात्र हे चालायचे नाही. तेथे कान इशाऱ्याच्या भोंग्यासाठी मोकळा हवा. महामार्गावर दुचाकी चालवतानाही कानात पुस्तक नको. कामगारांच्या बसमध्ये, वडखळच्या कोंडीत अडकलेल्या एस. टी.त, भाकरी थापताना वा जाळे विणताना ऐकायला काहीच हरकत नाही.

ऐकण्याच्या दोन मर्यादा मात्र ओळखून असा. पहिली अशी की ध्वनिमुद्रणातला वाचक तुमच्याऐवजी निर्णय घेतो. एखादे वाक्य उपहासाने म्हणायचे की करुणेने, कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर आघात द्यायचा, हे त्याने आधीच ठरवलेले असते. त्याचा आवाज चांगला असेल तर तो अर्थ मनात इतका पक्का बसतो की दुसरा अर्थ सुचत नाही. कवितेचे रसग्रहण लिहिताना नेमका तो दुसरा अर्थ हवा असतो.

दुसरी मर्यादा शुद्धलेखनाची, आणि परीक्षेत ती गुणांवर येते. 'आणि' हे अव्यय ऱ्हस्व लिहायचे आणि 'पाणी' दीर्घ, हे कान सांगू शकत नाही. दोन्हींच्या शेवटी आपण जवळजवळ सारखाच उच्चार करतो. ज्याच्या बोलीत ण आणि न किंवा ळ आणि ल यांतला भेद पुसट आहे, त्याला तर केवळ ऐकून लिहिणे अधिकच अवघड. शब्दाचे रूप डोळ्यांत ठसावे लागते. यासाठी ऐकलेल्या पुस्तकातील निदान दोन पाने रोज छापील स्वरूपात वाचावीत, आणि त्यांतला एक परिच्छेद पाहून लिहून काढावा. हे काम कंटाळवाणे आहे. त्याला पर्याय मला माहीत नाही.

करून पाहा

'गीता-प्रवचने'तील कोणतेही एक प्रवचन निवडा. पहिल्या दिवशी ते मनात वाचा; लागलेला वेळ मिनिटांत लिहून ठेवा आणि पुस्तक मिटून पाच ओळींत त्यातील मुद्दे मांडा. दोन दिवसांनी घरातील कोणाला तरी, मुलगी, सासरे किंवा शेजारी चालेल, तेच प्रवचन तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ऐकताना समोर पुस्तक नको. नंतर पुन्हा पाच ओळी लिहा. दोन्ही टिपणे शेजारी ठेवून पाहा की कोणता मुद्दा फक्त वाचताना सापडला आणि कोणता फक्त ऐकताना. त्यानंतर पुस्तक उघडून, केवळ श्रोत्यांसाठी म्हणून आलेली वाक्ये, म्हणजे पुनरुक्ती, प्रश्न आणि संबोधने, पेन्सिलीने अधोरेखित करा. पुढच्या संपर्कसत्राला येताना ही पाने सोबत आणा. भाषणाचे लेखन होताना शैलीत काय बदलते, या चर्चेला आपण तेथूनच आरंभ करू.